हृदयाच्या झडपेतील जंतुसंसर्ग : अँटिबायोटिक कसे निवडतात आणि उपचार इतके दिवस का चालतात?

तीन आठवड्यांपासून संध्याकाळी ताप येतो. मलेरिया, टायफॉइड, डेंगू या तपासण्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावले, इंजेक्शने दिली. चार दिवस बरे वाटले आणि ताप परत आला. वजन उतरले, भूक गेली, जिना चढताना दम लागू लागला. शेवटी अमरावतीला किंवा अकोल्याला इको झाला आणि डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन आहे. चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागेल."

वऱ्हाडातील अनेक रुग्ण याच वाटेने या निदानापर्यंत पोहोचतात. मग घरच्यांना प्रश्न पडतात. इतके दिवस कशाला? गोळ्यांनी भागणार नाही का? सर्वांत भारी औषध पहिल्याच दिवशी का देत नाहीत? ताप उतरला तरी सुट्टी का नाही? या प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा हा प्रयत्न आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजन, किडनीचे काम आणि तपासण्यांचे अहवाल पाहून तुमचे डॉक्टरच ठरवतील.

हा आजार नेमका काय आहे?

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे येऊ नये, हे त्यांचे काम. जंतू रक्तात शिरून झडपेवर चिकटले आणि तेथे वाढू लागले, की त्या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात.

निरोगी झडपेवर जंतू सहसा टिकत नाहीत. झडप आधीच खडबडीत किंवा खराब असेल, तर त्यांना जागा मिळते. आपल्याकडे याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणी झालेला सांधेताप, म्हणजे रुमॅटिक फीवर. त्यात झडपा जाड होतात, आकसतात किंवा गळू लागतात. याशिवाय जन्मतः हृदयात दोष असलेले, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर बसवलेले, डायलिसिसवर असलेले आणि हा आजार आधी एकदा होऊन गेलेले रुग्ण यांना धोका जास्त असतो. वयोमानाने झडप झिजलेल्या किंवा मधुमेह असलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो.

झडपेवर जंतू, रक्तातील प्लेटलेट आणि फायब्रिन यांचा मिळून एक गोळा तयार होतो. त्याला व्हेजिटेशन म्हणतात. इकोमध्ये तो झडपेबरोबर हलताना दिसतो. उपचार इतका लांब का, याचे उत्तर या गोळ्यातच आहे. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीराच्या पांढऱ्या पेशी आत शिरू शकत नाहीत. आत अब्जावधी जंतू दाटीवाटीने असतात आणि त्यांतले बरेच सुस्त अवस्थेत असतात. बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूंवर चांगले काम करतात, सुस्त जंतूंवर कमी. म्हणून औषध भरपूर मात्रेत, थेट रक्तात आणि दीर्घकाळ द्यावे लागते. शिवाय जंतूंची वाढ नुसती थांबवणारे औषध येथे पुरत नाही. जंतूंना ठार मारणारे औषध लागते, कारण उरलेले काम करायला पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतच नाहीत.

औषधाआधी ब्लड कल्चर

योग्य अँटिबायोटिक निवडायचे, तर जंतू कोणता हे कळले पाहिजे. ते सांगणारी मुख्य तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात आणि वेगवेगळ्या शिरांमधून सहसा तीन जोड्या घेतात. म्हणजे सहा बाटल्या, सुमारे ६० मिलिलिटर.

"इतकं रक्त कायले काढता जी?" असे नातेवाईक विचारतात. ६० मिलिलिटर म्हणजे जेमतेम एक कटिंग चहा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, त्यामुळे याने अशक्तपणा येत नाही. उलट रक्त कमी घेतले, तर जंतू सापडण्याची शक्यता घटते. तीन वेळा घेण्याचे कारणही साधे आहे. एका बाटलीत आलेला जंतू कातडीवरचा असू शकतो. तोच जंतू तिन्ही वेळा आला, तर तो रक्तातलाच आहे हे नक्की होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की हे रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घेतले पाहिजे. दोन-तीन दिवसांची इंजेक्शने किंवा गोळ्या आजार बरा करू शकत नाहीत, पण बाटलीत जंतू उगवू न देण्याइतके काम करून जातात. मग अहवाल निगेटिव्ह येतो. आजार आत तसाच राहतो आणि डॉक्टरांना जंतूचे नाव न कळता अंदाजाने औषध निवडावे लागते. भारतात या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत कल्चर निगेटिव्ह येते आणि आधीच दिलेली अँटिबायोटिक हे त्याचे एक मोठे कारण आहे.

म्हणून हे लक्षात ठेवा : ज्याच्या झडपेत दोष आहे, किंवा ज्याला कृत्रिम झडप बसवली आहे, त्याला दोन-तीन दिवसांहून जास्त ताप राहिला आणि कारण स्पष्ट होत नसेल, तर अँटिबायोटिक घेण्याआधी ब्लड कल्चर करा. आधी कुठे इंजेक्शन घेतले असेल तर ते लपवू नका. रिकामी बाटली, औषधाचे पाकीट, चिठ्ठी, जे असेल ते सोबत आणा. "सेफ्ट्रिॲक्सोनचे तीन दिवस झाले" एवढ्या माहितीनेही पुढची निवड बदलते.

अहवाल येईपर्यंत काय देतात?

जंतू उगवायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत काय करायचे, हे रुग्णाच्या अवस्थेवर ठरते.

रुग्ण अत्यवस्थ असेल, म्हणजे रक्तदाब खाली, श्वास जोरात, शुद्ध हरपत चाललेली, तर कल्चरचे रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात. अशा वेळी तासभरही थांबणे धोक्याचे असते. याउलट ताप कित्येक आठवड्यांपासून आहे, पण रुग्ण चालतो-बोलतो आहे, रक्तदाब ठीक आहे, अशा वेळी डॉक्टर कल्चर नीट होईपर्यंत थोडे थांबू शकतात. "भरती करून औषधच सुरू केलं नाही" अशी तक्रार करण्याआधी कारण विचारा. हा हलगर्जीपणा नसतो. पुढचे सहा आठवडे योग्य औषध मिळावे म्हणून घेतलेला तो वेळ असतो.

या टप्प्यातले औषध अंदाजाने निवडलेले असते, पण त्या अंदाजालाही आधार असतो. झडप स्वतःची आहे की कृत्रिम? कृत्रिम असेल तर ऑपरेशनला वर्ष झाले की नाही? आजार हळूहळू वाढला की दोन-चार दिवसांत? दात किडले आहेत का, पायाला जखम आहे का, डायलिसिसची नळी आहे का? या उत्तरांवरून संभाव्य जंतू ठरतात आणि ते सर्व झाकले जातील अशी दोन किंवा तीन औषधे एकत्र देतात. अहवाल आला, की त्यांतली नको असलेली बंद होतात. औषध बदलले म्हणजे आधीचे चुकले असे नसते. नेम आता नेमका लागला, एवढाच त्याचा अर्थ.

कोणत्या जंतूला कोणते औषध?

स्ट्रेप्टोकोकस : यांतले बरेच प्रकार तोंडात राहतात. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या यांतून ते रक्तात जातात. आजार हळू वाढतो, कधी दोन-तीन महिने अंगावर काढला जातो. यासाठी पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन ही मुख्य औषधे आहेत. पेनिसिलिन दिवसातून अनेक वेळा द्यावे लागते, सेफ्ट्रिॲक्सोन दिवसातून एकदा चालते. स्वतःची झडप असेल तर सहसा चार आठवडे. काही निवडक, गुंतागुंत नसलेल्या रुग्णांत जेंटामायसिन जोडून दोन आठवड्यांत उपचार पूर्ण करता येतो, पण तो निर्णय सर्वांसाठी नाही.

पेनिसिलिन येण्याआधी, म्हणजे १९४० च्या दशकापूर्वी, हा आजार झालेला रुग्ण क्वचितच वाचत असे. पुढे हेच औषध आपल्या राज्यात, पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. औषध जुने आणि स्वस्त आहे, पण योग्य जंतूविरुद्ध आजही ते पहिल्या पसंतीचे आहे.

स्टॅफिलोकोकस ऑरियस : हा कातडीवर आणि नाकात राहतो. गळू, चिघळलेली जखम, शिरेतील किंवा डायलिसिसची नळी यांतून तो रक्तात शिरतो. हा आक्रमक असतो. काही दिवसांत झडप फाडू शकतो आणि मेंदू, प्लीहा, मणके येथे पसरू शकतो. याचे दोन प्रकार आहेत आणि निवड त्यावरच ठरते. साधा प्रकार, ज्याला डॉक्टर एमएसएसए म्हणतात, त्यासाठी सेफॅझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिनसारखी औषधे उत्तम. चिवट प्रकार, म्हणजे एमआरएसए, या औषधांना दाद देत नाही. त्याला व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन लागते. कालावधी चार ते सहा आठवडे, एमआरएसएमध्ये सहसा सहा.

एन्टेरोकोकस : हा आतड्यात राहतो. लघवीचा संसर्ग, प्रोस्टेटची किंवा आतड्याची प्रक्रिया यांनंतर, वयस्कर माणसांत जास्त दिसतो. याला मारायला एकटे औषध अपुरे पडते. अँपिसिलिन आणि सेफ्ट्रिॲक्सोन एकत्र सहा आठवडे, किंवा अँपिसिलिनबरोबर जेंटामायसिन, अशी जोडी देतात. नुसत्या सेफ्ट्रिॲक्सोनने हा जंतू मरत नाही. तापासाठी सरसकट सेफ्ट्रिॲक्सोन देणे धोक्याचे का आहे, हे यावरून कळेल.

कृत्रिम झडपेवरील संसर्ग : येथे उपचार किमान सहा आठवडे चालतो. जंतू स्टॅफिलोकोकस असेल, तर मुख्य औषधाबरोबर रिफाम्पिसिन आणि सुरुवातीचे दोन आठवडे जेंटामायसिन जोडतात. कृत्रिम वस्तूवर जंतू जो चिकट थर तयार करतात, त्यावर रिफाम्पिसिन चांगले काम करते. हे टीबीचेही औषध आहे, म्हणून पाकीट पाहून "आम्हाला टीबी झाला का?" असे घाबरू नका. लघवी केशरी होईल, त्यानेही घाबरू नका. मात्र रिफाम्पिसिनमुळे वॉरफेरिन किंवा एसिनोकुमारोल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्यामुळे आयएनआर वरचेवर तपासावा लागतो. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही तो पुन्हा बदलतो.

कल्चरमध्ये न उगवणारे जंतू : आधी अँटिबायोटिक घेतले नसूनही कल्चर निगेटिव्ह आले, तर डॉक्टर तुमच्या गोठ्याबद्दल विचारतील. शेळी, गाय, म्हैस विताना तुम्ही हात लावला का? जार काढला का? जनावर गाभडले होते का? कच्चे दूध पिता का? ब्रुसेला आणि क्यू फीवरचा जंतू अशा संपर्कातून येतात. ते नेहमीच्या बाटलीत सहज उगवत नाहीत. रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून कळतात आणि त्यांचा उपचारही वेगळा असतो. तो कित्येक महिने चालतो. हा प्रश्न विचारला तर डॉक्टर भलतेच विचारतात असे समजू नका. खरे उत्तर द्या.

"भारी" औषध का देत नाहीत?

कल्चरसोबत एक तक्ता येतो. त्यात अनेक औषधांची नावे आणि पुढे एस, आय किंवा आर असते. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे दाद देत नाही. आय म्हणजे मधली अवस्था, जास्त मात्रा दिली तर काम होऊ शकते. काही तक्त्यांत एमआयसी नावाचा आकडा असतो. जंतूची वाढ थांबवायला औषधाचे कमीत कमी किती प्रमाण लागते, हे तो सांगतो.

येथे दोन गैरसमज होतात. पहिला, सर्वांत लहान आकडा असलेले औषध सर्वांत चांगले. तसे नसते. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. एका औषधाचा १ आणि दुसऱ्याचा २ यांची सरळ तुलना करता येत नाही. दुसरा गैरसमज, महाग औषध म्हणजे ताकदवान औषध. मेरोपेनेम किंवा व्हॅन्कोमायसिन ऐकायला मोठी वाटतात. पण साध्या स्टॅफिलोकोकसवर व्हॅन्कोमायसिन हे सेफॅझोलिनपेक्षा कमी प्रभावी आहे. म्हणून अहवाल आल्यावर डॉक्टर महाग औषध बंद करून स्वस्त औषध सुरू करतात, तेव्हा तुमचा रुग्ण चांगल्या औषधाकडे गेलेला असतो. "पैशे लागू द्या, पण भारीतलं द्या जी" हा आग्रह प्रेमापोटी असतो, पण त्याने रुग्णाचे नुकसान होऊ शकते.

तुमच्या शरीराप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी

किडनी : अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराची चिंता घराघरांत आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर भागातील कोणी आधीच क्रिएटिनिन वाढल्याचे सांगितले असेल, किंवा डायलिसिस चालू असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा. जेंटामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन किडनीवर ताण आणतात. ती देताना क्रिएटिनिन आणि रक्तातील औषधाची पातळी तपासतात. ही तपासणी पुन्हा पुन्हा होते म्हणून कंटाळू नका. अंगदुखीच्या गोळ्या या काळात स्वतःहून घेऊ नका.

कान आणि तोल : जेंटामायसिनने काहींना कानात आवाज येतो, कमी ऐकू येते किंवा चालताना तोल जातो. असे झाले तर त्याच दिवशी सांगा. हा परिणाम कायमचा राहू शकतो.

पेनिसिलिनची ॲलर्जी : "लहानपणी पेनिसिलिनने पुरळ आली होती" असे अनेक जण सांगतात. त्यांतल्या बहुतेकांना तपासणी केल्यावर खरी ॲलर्जी नसते. नेमके काय झाले होते ते आठवून सांगा : नुसती मळमळ, थोडी पुरळ, की श्वास कोंडून बेशुद्धी? यावरून डॉक्टर ठरवतात, की औषध देता येईल, तपासणी करून द्यावे लागेल, की टाळायलाच हवे. चुकीच्या शिक्क्यामुळे सर्वांत चांगले औषध हातचे जाऊ नये.

व्हॅन्कोमायसिन चढवताना : हे औषध हळू, किमान तासाभरात चढवतात. वेगाने दिले तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते. म्हणून सलाईनचा वेग नातेवाइकांनी वाढवू नये.

दिवस कसे मोजतात?

औषध सुरू झाल्यावर कल्चर एक-दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा करतात, निगेटिव्ह येईपर्यंत. चार किंवा सहा आठवडे मोजायला सुरुवात होते ती पहिले निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी घेतले त्या दिवसापासून. भरती झाल्याचा दिवस त्यासाठी धरत नाहीत. मधे ऑपरेशन झाले आणि काढलेल्या झडपेत जिवंत जंतू सापडले, तर मोजणी ऑपरेशनच्या दिवसापासून नव्याने सुरू होते.

ताप बहुधा पहिल्या आठवड्यात उतरतो. येथेच सर्वांत मोठी चूक घडते. "ताप तं उतरला, आता सुट्टी द्या नं" असा आग्रह सुरू होतो. सोयाबीन काढायला आलेले असते, कपाशी वेचायची असते, घरी म्हातारी माणसे असतात. अडचणी खऱ्या आहेत. पण ताप उतरणे म्हणजे रक्तातले जंतू कमी होणे. गोळ्याच्या आतले जंतू अजून जिवंत असतात. अर्धवट उपचारानंतर आजार उलटतो, तेव्हा झडप आणखी खराब झालेली असते. घरी जाणे भागच असेल, तर न सांगता निघू नका. डॉक्टरांशी बोलून पर्याय काढा.

गोळ्यांवर किंवा घरून उपचार होतो का?

काही रुग्णांत होतो. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या पोएट या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांचा संसर्ग असलेल्या, किमान दहा दिवस शिरेतून औषध घेऊन स्थिर झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना पुढचा उपचार गोळ्यांनी दिला. त्यांचे निकाल शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हते.

पण अटी नीट पाहा. जंतू ओळखलेला होता. अन्ननलिकेतून इको करून आत पू किंवा ऑपरेशनची गरज नाही याची खात्री केली होती. सहसा दोन वेगवेगळ्या गटांतील गोळ्या एकत्र दिल्या होत्या आणि रुग्ण वारंवार तपासणीला येत होते. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या पाड्यावर राहणाऱ्या, दवाखान्यात यायला अर्धा दिवस लागणाऱ्या रुग्णाला हे कितपत जमेल, याचा विचार डॉक्टरांबरोबर करा. दुसरा पर्याय म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोनसारखे दिवसातून एकदा द्यायचे औषध जवळच्या रुग्णालयात जाऊन घेणे. त्यासाठी कोणत्या रुग्णालयात, कोण देणार, दर आठवड्याला रक्ततपासणी कुठे होणार, हे सुट्टीच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. पहिले दोन आठवडे मात्र रुग्णालयातच राहणे श्रेयस्कर. गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो आणि योग्य औषध सुरू झाल्यावर तो झपाट्याने कमी होत जातो.

औषधाने भागत नाही तेव्हा

झडप इतकी गळू लागली की फुप्फुसात पाणी भरते, झडपेच्या मुळाशी पू होतो, योग्य औषध देऊनही कल्चर पॉझिटिव्हच येते, किंवा मोठा गोळा असून त्याचे तुकडे सुटतात. अशा वेळी अँटिबायोटिक चालू ठेवूनच ऑपरेशन करावे लागते. "आधी इन्फेक्शन पूर्ण बरं होऊ द्या, मग ऑपरेशन करू" हा विचार अशा वेळी जिवावर बेतू शकतो.

तपासण्या आणि औषधोपचारासाठी अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. झडपेच्या ऑपरेशनसाठी अनेकांना नागपूर गाठावे लागते. अमरावतीहून ते सुमारे १५० किलोमीटर आहे, अकोल्याहून सुमारे अडीचशे. म्हणून ऑपरेशन लागू शकते असे डॉक्टरांनी सुचवले, तर रुग्ण प्रवास सोसू शकतो तेव्हाच हलवा. दम वाढून रुग्ण व्हेंटिलेटरवर गेल्यावर तोच प्रवास फार अवघड होतो.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दलही विचारा.

लगेच डॉक्टरांना कळवा, घरी असाल तर १०८ ला फोन करा :

- अचानक तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे
- आडवे झाल्यावर दम लागणे, रात्री श्वास कोंडून उठून बसावे लागणे
- चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद होणे
- एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे
- पोटात डाव्या बाजूला किंवा कमरेत अचानक तीव्र दुखणे
- एक पाय किंवा हात एकाएकी थंड व पांढरा पडणे
- उतरलेला ताप पुन्हा येणे

राउंडच्या वेळी विचारायचे प्रश्न

मोठे डॉक्टर आले की काय विचारायचे ते आठवत नाही. हे प्रश्न कागदावर लिहून ठेवा :

१. कल्चरमध्ये कोणता जंतू आला? अहवालाची प्रत मिळेल का?
२. सध्याचे औषध त्या जंतूसाठीच निवडलेले आहे की अंदाजाने चालू आहे?
३. पहिले निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचे? शेवटचा डोस कोणत्या तारखेला?
४. किडनीची आणि औषधाच्या पातळीची तपासणी किती दिवसांनी होणार?
५. ऑपरेशनची शक्यता आहे का? सर्जनचे मत घेतले का?
६. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या की बदलायच्या?

सुट्टीनंतर

उपचार संपल्यावरचे पहिले काही महिने जपण्याचे असतात. ताप आला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन खाऊ नका आणि गावात सलाईन लावून घेऊ नका. आधी ब्लड कल्चर, मग औषध. सुट्टीचा कागद, इको आणि कल्चरचा अहवाल एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

दातांकडे लक्ष द्या. रोज दोनदा घासा, वर्षातून किमान एकदा दंतवैद्याकडे जा. खर्रा सोडा. त्याने हिरड्या खराब होतात, तोंडात जखमा होतात आणि कॅन्सरचा धोका तर आहेच. हा आजार एकदा झालेल्यांनी आणि कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांच्या उपचारापूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो, साधारण अर्धा ते एक तास आधी. दंतवैद्याला हे आधीच सांगा.

सांधेतापासाठी दर तीन किंवा चार आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. ते सांधेताप पुन्हा होऊ नये म्हणून असते. झडपेच्या संसर्गाचा उपचार झाला म्हणून ते बंद करू नका, आणि ते चालू आहे म्हणून दाताच्या वेळचा डोस चुकवू नका. त्या डोससाठी डॉक्टर वेगळ्या गटातील औषध निवडू शकतात.

पायाच्या भेगा, काट्याने झालेल्या जखमा, गळू यांकडे दुर्लक्ष करू नका. साबण-पाण्याने धुवा, झाका, चिघळल्यास दाखवा. इकोसाठी बोलावलेल्या तारखा पाळा, कारण झडप किती टिकली हे बाहेरून कळत नाही. आणि शेजारच्या गावात कोणाला "वॉलचा त्रास" असून पंधरा दिवस ताप उतरत नसेल, तर त्यांना एवढेच सांगा : पुढचे इंजेक्शन घेण्याआधी ब्लड कल्चर करून घ्या.